भाकरीचा कोरका आणि पंचवीस लाख

आमच्या हापिसात गेल्या वर्षीपासून पॉइंट्सचा कारभार सुरू झालाय. दर महिन्याला प्रत्येकाच्या खात्यात थोडे पॉइंट्स जमा होतात. ते स्वतः वापरायचे नाहीत, ज्या सहकाऱ्यानं आपल्याला मदत केली त्याला द्यायचे. साठले की त्याचं कूपन मिळतं, कूपनवर हेडफोन नाहीतर कॉफीचा मग. कल्पना चांगली होती, खोटं कशाला बोला. पहिले दोन महिने लोकांनी खरोखर मनापासून दिले. रात्री अडीचला सर्व्हर उठवून देणाऱ्या बिचाऱ्या सपोर्टवाल्या पोराला आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी लेखी धन्यवाद म्हटलं. तिसऱ्या महिन्यात "तू मला दे, मी तुला देतो" सुरू झालं. सहाव्या महिन्यापर्यंत कोणाचे किती पॉइंट्स ह्याचा कामाशी काही संबंध उरला नव्हता. कॉफीचे मग मात्र भरपूर झाले. :)

असो. हापिसाची उणीदुणी काढायला हा लेख नाही. पण हे सगळं बघताना मला सारखी आमच्या वऱ्हाडातली एक गोष्ट आठवत होती. पॉइंट्स, बक्षीस, शेजाऱ्यानं दिलेली शाबासकी ह्या सगळ्याचा फार मोठा प्रयोग महाराष्ट्रात होऊन गेला. दहावीस हजार गावांवर झाला, आणि झाला तो अमरावती जिल्ह्यातल्या एका माणसाच्या नावानं. गंमत अशी की त्या माणसानं जन्मभर कुणाचं काही घेतलं नाही. म्हणजे एक सोडून. त्याकडे येतोच.

डेबूजी झिंगराजी जाणोरकर. जन्म २३ फेब्रुवारी १८७६, गाव शेंडगाव, आताचा अंजनगाव सुर्जी तालुका. जातीनं परीट. वडील दारूपायी लवकर गेले आणि आई पोराला घेऊन माहेरी आली, मूर्तिजापूर तालुक्यातल्या दापुऱ्याला. म्हणजे जन्म अमरावतीतला आणि बालपण अकोल्यातलं, त्यामुळे दोन्ही जिल्हे हक्क सांगतात. (आमच्या मूर्तिजापुरात ह्यावर चहाच्या टपरीवर वाद घालणारे लोक मी स्वतः पाहिलेत.) मामाची शेती केली, गुरं राखली, लग्न झालं, पोरं झाली. मुलीच्या बारशाला जातीच्या रिवाजाप्रमाणे दारू-मटणाची पंगत द्यायची, ह्यानं गोडाचं जेवण घातलं आणि भाऊबंदांचा रोष ओढवून घेतला. १ फेब्रुवारी १९०५ च्या पहाटे घर सोडलं. अंगावर चिंध्या, एका कानात कवडी, दुसऱ्यात फुटक्या बांगडीचा तुकडा, हातात खराटा आणि एक मातीचं गाडगं. गाडग्याचं फुटकं खापरच जेवायचं ताट, पाणी प्यायचं भांडं, आणि ऊन लागलं तर डोक्यावर टोपी.

इथपर्यंतचं शाळेत सगळ्यांनीच वाचलंय. मला इंजिनीयर म्हणून ज्यात रस वाटतो ती पुढची गोष्ट: ह्या माणसानं स्वतःसाठी कामाची आणि मोबदल्याची एक पद्धत बसवली होती आणि ती जवळजवळ पन्नास वर्षं बदलली नाही.

पद्धत अशी. गावात यायचं ते कोणाला न कळवता. आल्याआल्या कोणाच्या ओट्यावर बसायचं नाही. सरळ खराटा घेऊन रस्ता झाडायला लागायचं, नाली साफ करायची, पाणवठ्याभोवतीची घाण काढायची. लोक जमायचे. हा वेडा कोण? मग कोणी ओळखायचं, गडबड व्हायची, हारतुरे यायचे. हार घ्यायचा नाही. पाया पडायला वाकला की काठी उगारायची. पैसे दिले तर घ्यायचे नाहीत. काम संपल्यावर एखाद्या घरी जाऊन भाकर मागायची, चून-भाकर असेल तर चून-भाकर, नाहीतर नुसता कोरका आणि मिरची. तो गाडग्यात घ्यायचा, गावाबाहेर जाऊन खायचा. रात्री कीर्तन. कीर्तनात देवाच्या गोष्टी कमी आणि प्रश्न जास्त, सगळे आपल्या वऱ्हाडी बोलीत: कर्ज काढून सण कशाला, नवसाला बकरं कशाला, पोराला शाळेत का नाही घातलं? दुसऱ्या दिवशी पुढचं गाव.

आता ह्या कोरक्याकडे जरा नीट बघा. ती भीक नव्हती. बाबा काम केल्याशिवाय जेवत नसत, म्हणजे ती मजुरी होती. पण मजुरी म्हणावी तर कामाच्या मानानं काहीच नाही. दिवसभर नाल्या उपसणाऱ्याला भाकरीचा तुकडा? मला वाटतं ती दोन्ही नव्हती, ती पावती होती. ज्याची नाली साफ झाली त्यानंच दिलेली, काम डोळ्यांनी बघितल्यावर दिलेली, आणि साठवून ठेवता न येणारी. शेवटचा मुद्दा महत्त्वाचा आहे. कोरका साठवता येत नाही, दुसऱ्याला विकता येत नाही, त्यावर व्याज मिळत नाही. संध्याकाळपर्यंत संपतो, उद्या परत शून्यापासून. आमच्या हापिसातल्या पॉइंट्सची रचना ज्यानं केली त्याला हे सुचलं असतं तर कॉफीचे इतके मग वाया गेले नसते.

नावाचंही तसंच. "गाडगेबाबा" ही पदवी कुठल्या सभेत ठराव करून दिलेली नाही, हातातल्या गाडग्यावरून लोकांनीच ठेवलेलं नाव आहे. आणि सगळीकडे एकच नाव होतं असंही नाही, कुठे गोधडेबुवा, कुठे चापरेबुवा. ज्या मुलखाला जे दिसलं ते नाव.

ह्याच्या शेजारी त्याच काळातली अमरावती ठेवून बघा म्हणजे मजा कळते. १८९७ च्या डिसेंबरात काँग्रेसचं अधिवेशन अमरावतीला भरलं होतं, अध्यक्ष सर शंकरन नायर, स्वागताध्यक्ष गणेश श्रीकृष्ण खापर्डे. शहर वकिलांचं, कापसाच्या पैशाचं आणि मानमरातबाचं. १९१२ साली बांकीपूरच्या काँग्रेसचे अध्यक्ष झालेले रघुनाथ नरसिंह मुधोळकर अमरावतीचेच, आणि ते रावबहादूर. खापर्ड्यांना सरकारची पदवी नव्हती, पण लोकांनी त्यांना "दादासाहेब" केलं आणि त्यांचा थाट बघून "वऱ्हाडचे नवाब" म्हटलं. मुधोळकर लहान माणूस होते असं मला अजिबात म्हणायचं नाही. पण रावबहादूर हा शिक्का वरून येत होता, सरकारदरबारातून, आणि देणाऱ्याचा त्यात काही हिशोब असायचा. १९२० च्या असहकारात पदव्या परत करा हा कार्यक्रमच आला तो त्यामुळे. परत करता येते ती पदवी. "गाडगेबाबा" परत कुठे करणार, कोणत्या कार्यालयात?

मग पैशाचं काय? कारण पैसा तर लागलाच. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा, नाशिक, आळंदी, देहू, मुंबई इथल्या धर्मशाळा, ऋणमोचनचा पूर्णेवरचा घाट, गोरक्षणं, वसतिगृहं. हे सगळं कोरक्यावर उभं राहत नाही. लाखो रुपये लोकांनी दिले, शेठसावकारांनीही दिले. फक्त ते बाबांच्या हातात आले नाहीत, कामावर गेले आणि विश्वस्तांकडे गेले. घरच्यांचा ह्या संस्थांवर हक्क राहू नये ही काळजी त्यांनी आधीपासून घेतली. पंढरपूरची धर्मशाळा दलित वारकऱ्यांसाठी बांधली आणि पुढे ती डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या हवाली केली. आंबेडकर ६ डिसेंबर १९५६ ला गेले, बाबा त्याच महिन्यात २० तारखेला, अमरावतीजवळ वलगावला पेढी नदीच्या काठी, प्रवासातच.

त्यानंतर व्हायचं ते झालं. समाधी बांधली, पुतळे उभे राहिले, १९९८ साली टपाल तिकीट निघालं, २००५ साली अमरावती विद्यापीठाला त्यांचं नाव मिळालं. (माझ्या डिग्रीवर आहे ते. शाळेत न गेलेल्या माणसाचं नाव माझ्या इंजिनीयरिंगच्या सर्टिफिकेटवर, ह्याचा मला अभिमान वाटतो, आणि थोडं हसूही येतं.)

आणि २००० साली आली ती योजना: संत गाडगेबाबा ग्राम स्वच्छता अभियान.

त्यावेळी ग्रामविकास मंत्री होते आर. आर. पाटील, तासगावकडचे. त्याआधी सरकारनं काय केलं होतं ते माहीत असल्याशिवाय ह्या योजनेचं वेगळेपण कळत नाही. नव्वदच्या दशकाच्या शेवटी सरकारनं संडासासाठी घरटी अनुदान दिलं. लाखो संडास बांधले गेले आणि त्यातले पुष्कळसे वापरातच आले नाहीत. आमच्याकडे खेड्यात त्यांच्यात सरपण, गोवऱ्या, कडबा काय वाट्टेल ते ठेवलेलं असायचं. एका काकांनी कोंबड्या ठेवल्या होत्या. चूक कोंबड्यांची नाही हो, पैसे आधी मिळाले होते, काम नंतर, आणि ते बघायला कोणी येणार नव्हतं!

नव्या योजनेनं हे उलटं केलं. आधी एक पैसा देणार नाही. गावानं स्वतः राबायचं, श्रमदान करायचं, वर्गणी काढायची. मग तपासणी. आधी पंचायत समिती, मग जिल्हा, मग विभाग, मग राज्य. प्रत्येक टप्प्याला बाहेरची समिती येऊन गल्लीगल्लीतून फिरणार, गुण देणार. सुरुवातीच्या वर्षांत राज्यातल्या पहिल्या गावाला २५ लाख, विभागात पहिल्याला १० लाख, जिल्ह्यात ५ लाख. शिवाय आंबेडकरांच्या नावानं सामाजिक एकतेचं वेगळं बक्षीस, साने गुरुजींच्या नावानं शाळांचं, तुकडोजी महाराजांच्या नावानं आणखी एक स्पर्धा. तुकडोजीही आमच्याच जिल्ह्यातले, मोझरीचे. पैसा मिळाला तरी तो गावाच्या कामाला, कोणा एकाच्या खिशात नाही.

आता गणित बघा. महाराष्ट्रात ग्रामपंचायती अठ्ठावीस हजारांच्या घरात. मोठं बक्षीस मिळणार मोजक्या गावांना. म्हणजे शंभरातल्या नव्व्याण्णव गावांना मोठ्या रकमेतला छदामही मिळणार नाही हे पहिल्या दिवसापासून उघड होतं. तरी गावं उतरली! पहिल्याच वर्षी लोकांनी केलेल्या कामाची किंमत दोनशे कोटींच्या आसपास धरली गेली, आणि सरकारनं बक्षिसांवर खर्च केला तो त्याच्या मानानं अगदी किरकोळ. कुठल्याही कंपनीच्या एचआरला हे दाखवा, वेड लागेल त्याला.

मग लोक राबले कशासाठी? पंचवीस लाखांसाठी नाही हे नक्की. लॉटरीचं तिकीट काढणारा माणूस तिकिटावर दहा रुपये घालवतो, महिनाभर रोज पहाटे पाचला उठून नाली उपसत नाही.

माझ्या आत्याचं गाव मूर्तिजापूरच्या बाजूला आहे. मी तिसरी-चौथीत असेन, दिवाळीच्या सुट्टीत तिच्याकडे गेलो होतो आणि गावात हे अभियान चालू होतं. प्रभातफेरी, भिंतींवर घोषणा, गेरूनं रंगवलेली घरं, दारासमोर शोषखड्डे. पोट्ट्यांना खराटे वाटले होते, त्यामुळे आम्ही खूश. पण लहान असूनही एक गोष्ट लक्षात राहिली. मोठी माणसं पंचवीस लाखांबद्दल बोलतच नव्हती, बोलत होती शेजारच्या गावाबद्दल. "त्यायच्या शाळेची भिंत पाहिली काय?" "त्यायनं उकिरडे हलवले म्हणते बावा, आपले काहून नाही हलत?" दोन गावांत वर्षानुवर्षं पाण्यावरून कुरबुर होती, सोयरिकीही होत्या. ज्या गावात पोरगी दिली त्या गावानं आपल्या गावाला नाव ठेवू नये, एवढं साधं कारण होतं. समितीतले साहेब लोक एक दिवस येऊन जाणार. जावई दर सणाला येणार.

मला वाटतं आबांच्या योजनेची खरी करामत ही होती. बक्षीस हे निमित्त, त्यामुळे एका गावाला दुसऱ्या गावाकडे बघायला कारण मिळालं. गाडगेबाबांचा कोरका नालीच्या मालकानं दिला तसंच इथे गुणपत्रिका सरकारची असली तरी खरे गुण सोयऱ्याधायऱ्यांनी दिले. म्हणूनच "ज्यानं पैशाला हात लावला नाही त्याच्या नावानं पंचवीस लाखांची खैरात" अशी जी टीका होते ती मला अर्धीच पटते. विसंगती आहेच. पण निदान पहिल्या काही वर्षांत तरी ती पद्धत बाबांच्या पद्धतीपासून फार लांब नव्हती. काम आधी, बघणारे जवळचे, आणि मिळणार ते थोडं.

बिघडलं ते "थोडं" ह्या शब्दापाशी.

१९७३ साली अमेरिकेत लेपर, ग्रीन आणि निस्बेट ह्या तिघा मानसशास्त्रज्ञांनी बालवाडीतल्या पोरांवर एक प्रयोग केला होता. ज्यांना चित्रं काढायला मुळातच आवडतं अशी पोरं निवडली. काहींना आधीच सांगितलं, चित्र काढलंत तर सोनेरी चांदणी आणि फीत लावलेलं प्रशस्तिपत्र मिळेल. काहींना काहीच न सांगता नंतर अचानक दिलं. काहींना काहीच नाही. आठवडा-दोन आठवड्यांनी बघितलं तर ज्यांना आधी कबूल केलं होतं ती पोरं मोकळ्या वेळात इतरांच्या साधारण निम्माच वेळ चित्रं काढत होती. अचानक बक्षीस मिळालेल्यांवर असा परिणाम नाही. म्हणजे बक्षिसानं नुकसान होत नाही, कबूल केलेल्या बक्षिसानं होतं. खेळ होता तो सौदा झाला की पोरगं विचारतं, आता काय देणार?

अभियानाच्या पाठोपाठ केंद्र सरकारचा निर्मल ग्राम पुरस्कार आला. घोषणा २००३ ची, पहिलं वाटप २००५ ला, राष्ट्रपती अब्दुल कलामांच्या हस्ते. उघड्यावर शौचाला जाणं पूर्ण थांबलं की गावाला लोकसंख्येनुसार रक्कम. पहिल्या वर्षी अख्ख्या देशातून चाळीसेक ग्रामपंचायती, त्यात महाराष्ट्राच्या बऱ्याच. दिल्लीला जाऊन राष्ट्रपतींशी हात मिळवणारा सरपंच म्हणजे त्या पंचक्रोशीत काय चीज असेल कल्पना करा! तीनच वर्षांनी, २००८ ला, एका वर्षातला आकडा बारा हजारांच्या घरात गेला. फरक नीट बघा. इथे पहिला-दुसरा नंबर नाही, निकष पूर्ण केला की पुरस्कार. म्हणजे स्पर्धा संपली आणि उद्दिष्ट आलं. उद्दिष्ट आलं की तालुक्याला आकडा येतो, तालुक्याचा आकडा ग्रामसेवकाच्या डोक्यावर बसतो, आणि ग्रामसेवकाला एवढंच हवं असतं की तपासणीच्या दिवशी गाव स्वच्छ दिसावं. २००८ सालीच युनिसेफनं पुरस्कार मिळालेल्या गावांची पाहणी केली तेव्हा बहुतेक गावांत लोक परत, किंवा अजूनही, बाहेर जात होते. फलक मात्र वेशीवर होते.

ह्याला मी नुसता भ्रष्टाचार म्हणणार नाही. खोटेपणा झाला असेल कुठे कुठे. पण जास्त करून असं झालं असणार की बघणारे बदलले. आधी शेजारचं गाव बघत होतं, आता फॉर्म बघत होता. पुरस्कार सगळ्यांनाच मिळायला लागल्यावर शेजारच्या गावाला बघण्यासारखं काय उरलं? आमच्याकडे म्हणतात तसं, सगळेच पाटील झाले तर गावकी कोणी करायची.

अजून एक बाजू आहे आणि ती लिहिल्याशिवाय पुढे जाणं बरोबर नाही. शेजाऱ्याच्या शाबासकीचं दुसरं टोक शेजाऱ्यानं केलेली बेअब्रू. बांगलादेशात राजशाहीजवळच्या मोसमोईल गावात कमल कर ह्या बंगाली सल्लागारानं २००० च्या सुमारास जी पद्धत काढली ती मुद्दाम लाज आणण्यावरच उभी होती: गावाला घेऊन हागणदारीत उभं करायचं आणि घाणीला तिच्या गावठी नावानंच हाक मारायची. भारतात ती पहिल्यांदा महाराष्ट्रात आली. "हागणदारीमुक्त" हा सरकारी कागदांवर चढलेला शब्द असा रांगडा आहे तो उगाच नाही. लाज सगळ्यांनी मिळून वाटून घेतली तोवर ठीक होतं. पण मग "गुड मॉर्निंग पथकं" आली. पहाटे शिट्ट्या वाजवायच्या, टॉर्च मारायचे, टमरेल घेऊन जाणाऱ्याला गुलाबाचं फूल द्यायचं, फोटो काढायचे. पकडलं कोणाला जायचं? ज्याच्या घरी संडास बांधायला जागा नाही, पाणी नाही, त्याला. वस्ती गावाच्या कडेला असते ती कोणाची, हे मी वेगळं सांगायला नको. गाडगेबाबा परटाच्या घरात जन्मले आणि स्वतः खराटा उचलून झाडायला लागले, त्यातला अर्थ हा होता की झाडणं हे कुठल्या जातीचं काम नाही. त्यांच्या नावाच्या योजनेच्या मागोमाग त्याच वस्तीतल्या बाईच्या तोंडावर टॉर्च मारला गेला असेल, तर हिशोबात ते उणे गुण धरले पाहिजेत. कुठल्याही गुणपत्रिकेत तो रकाना नव्हता.

ह्यानंतर सरकार परत घरटी अनुदानाकडे गेलं. २०१४ च्या स्वच्छ भारतमध्ये संडासामागे १२,००० रुपये. २०१८ ला महाराष्ट्र हागणदारीमुक्त जाहीर झाला. काम झालं, नाही असं नाही. पण ती गावकीची गोष्ट राहिली नाही, ज्याच्या-त्याच्या खात्यातली झाली.

स्पर्धेचा जुना किडा मात्र अमरावती जिल्ह्यात परत दिसला, तो पाण्याच्या निमित्तानं. २०१६ साली पाणी फाउंडेशननं वॉटर कप सुरू केला, पहिल्या वर्षी तीनच तालुके: साताऱ्याचं कोरेगाव, बीडचं अंबाजोगाई आणि आमचं वरुड. वरुड म्हणजे संत्र्यांचा मुलूख. संत्र्यासाठी इतक्या बोअर मारल्या की जमिनीतलं पाणी पार तळाला गेलं, वरुड-मोर्शी भागाला "डार्क झोन" म्हणतात ते त्यामुळे. उन्हाळ्यातले ४५ दिवस, विदर्भाचं ऊन, आणि हातात फावडी. पहिलं बक्षीस ५० लाख, ते कोरेगावातल्या वेळू गावानं नेलं. पुढच्या वर्षी तालुके तीस झाले आणि पहिला आला आमच्या शेजारच्या वर्धा जिल्ह्यातला आर्वी तालुक्यातला काकडदरा, आदिवासींचं छोटंसं गाव. त्यानंतर तालुके पंच्याहत्तर. जेसीबीनं खोदलेल्या चरांचा उपयोग किती ह्यावर तज्ज्ञांनी टीकाही केली, आणि ती सगळी चुकीची नव्हती. पण मला त्यातली एक युक्ती फार आवडली. प्रत्येक गावातले थोडे लोक आधी शिकायला न्यायचे, तेही अशा गावात जिथे असं काम झालंय, आणि शिकवायला तिथलेच गावकरी. म्हणजे बक्षिसाच्या आधीच तुम्ही कोणाच्या नजरेत मोठं व्हायचं हे ठरून जायचं.

मागच्या उन्हाळ्यात आत्याकडे जाऊन आलो. तिच्या गावाला तेव्हा पंचायत समितीच्या पातळीवर कसलासा नंबर मिळाला होता, त्याचा फलक ग्रामपंचायतीच्या भिंतीवर अजून आहे. रंग उडालाय, त्यावर तेव्हाच्या सरपंचाचं, उपसरपंचाचं आणि ग्रामसेवकाचं नाव आहे. आत्याला विचारलं, ह्या लोकांनी केलं का हे सगळं? ती तांदूळ निवडत होती. "ह्ये कायले करतेत," म्हणाली, आणि मग बोटं मोजत बायकांची नावं सांगायला लागली. कोण पहाटे पाचला कोणाला उठवायची, कोणी सात महिन्यांची असूनही टोपलं उचललं, बौद्धवाड्यातली कोण पहिल्यांदा हिच्या ओट्यावर चहा प्यायला बसली आणि सासूनं त्यावरून किती दिवस अबोला धरला. अकरा नावं झाली. ती नावं मी इथे लिहीत नाही, त्यातल्या आठ जणी अजून गावातच आहेत आणि त्यांना विचारलेलं नाही. नाल्यांवर आता फरशा आहेत. एके ठिकाणी फरशी फुटली होती, तिथून जाताना आत्या म्हणाली, हा तुकडा आमच्या गल्लीचा, आणि उद्या कोणाला तरी सांगून बसवून घेते म्हणाली.